चार मिलिसेकंद

“काका, १३५ चा ब्लॉक टाकून द्या.”

यामाहा आरएक्स १०० घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या पोराचं पहिलं वाक्य बहुधा हेच असतं. गाडी वडिलांची नाहीतर चुलत्यांची असते. १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं, म्हणजे पोरापेक्षा गाडीच वयानं थोरली. ब्लॉकचं बोलण्याआधी मी खाली वाकून सायलेन्सर बघतो. बऱ्याचदा तो मूळचा नसतोच, त्या जागी आवाज काढणारी पोकळ नळी लावलेली असते. ताकद तिथूनच गळालेली असते.

ब्लॉकचा, म्हणजे सिलिंडरचा, हिशेब सरळ आहे. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, घनफळ ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच, पण बोअर ५८ मिमी, म्हणून १३२ सीसी. जागा सुमारे पस्तीस टक्क्यांनी वाढली. पण आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकमध्ये नुसती जागा वाढून भागत नाही, त्या जागेत ताजं मिश्रण किती टिकतं हे बघावं लागतं. या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडरच्या भिंतीला भोकं आहेत. जळालेला धूर एका पोर्टमधून बाहेर जात असतो आणि त्याच वेळी बाजूच्या पोर्टमधून ताजं मिश्रण आत शिरत असतं. त्यातलं काही धुराच्या मागोमाग बाहेरही पडतं. त्याला कोणीतरी परत आत ढकलावं लागतं, आणि ते काम सायलेन्सर करतो.

तो कसा करतो, ते मी पोरांना खडूनं फरशीवर काढून दाखवतो. ७५०० आरपीएमला क्रँकचा एक फेरा ८ मिलिसेकंदांत होतो. त्यात एक्झॉस्ट पोर्ट साधारण अर्धा फेरा उघडं असतं, म्हणजे ४ मिलिसेकंद. तापलेल्या धुरात दाबाची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते, तेव्हा एवढ्या वेळात तिचा दोन मीटर प्रवास होतो, एक मीटर जाऊन एक मीटर परत. नळी हळूहळू रुंद होत जाते तिथून उलटी लाट येते आणि सिलिंडरमधला धूर ओढून घेते. पुढं नळी पुन्हा अरुंद होते, तिथं दाब आपटून माघारी फिरतो आणि बाहेर आलेलं मिश्रण पोर्ट बंद होण्याच्या ऐन आधी आत लोटतो. म्हणून आम्ही सायलेन्सरला इंजिनाचाच भाग मानतो. आतले हे रुंद-अरुंद होणारे सुळके काढून सरळ नळी लावली की हा दाब माघारी येतच नाही. आवाज वाढतो आणि पोराला वाटतं गाडी पळायला लागली.

हे गणित पक्कं बसवलं पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वॉल्टर काडेन यांनी. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या रेसिंग इंजिनानं २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २००. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडं गेला आणि ही विद्या सुझुकीकडं पोचली. पुढच्या वर्षी सुझुकीवर ५० सीसीचं जागतिक विजेतेपद त्यानंच जिंकलं. आपल्या रस्त्यावर टर्रर्र करत जाणाऱ्या आरएक्सच्या बुडाशी काडेन यांचाच विचार आहे, हे आठवलं की मला आजही भरून येतं.

पोर्टिंगचंही, म्हणजे ही भोकं कोरून वाढवण्याचंही, तसंच. एक्झॉस्ट पोर्ट १ मिमी वर घेतलं की ते सुमारे सव्वादोन अंश आधी उघडतं आणि तेवढंच उशिरा बंद होतं. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाचा ब्लॉक मी अंदाजानं २ मिमी वर घेतला, कार्ब्युरेटरचा जेट मात्र तोच ठेवला. गाडी वरच्या आरपीएमला उडायची, बाजारपेठेत मात्र दुसऱ्या गिअरवर मरायची. पन्हाळ्याच्या चढाला मिश्रण पातळ पडलं, पिस्टननं ब्लॉक पकडला आणि मागचं चाक जाम झालं. पोरगं खरचटण्यावर निभावलं. तो पिस्टन आजही माझ्या फळीवर आहे, एक्झॉस्टकडच्या बाजूनं पार ओरबाडलेला. त्या दिवसापासून अंशांची चकती क्रँकला लावल्याशिवाय मी कानस हातात घेत नाही. जेट बदलला की प्लग काढून रंग बघतो. चॉकलेटी हवा, पांढरट दिसला की गाडी बाहेर सोडत नाही.

आणि ब्रेक? पुढं-मागं १३० मिमीचे ड्रम, तेही मूळच्या अकरा अश्वशक्तीसाठी दिलेले. ताकद मागणारा पोरगा ब्रेकबद्दल अवाक्षर काढत नाही. कायद्याचं मी आधीच सांगून टाकतो. आरसी बुकावर इंजिन नंबर आणि सीसी लिहिलेले असतात. परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दंड होतो, कैदही होऊ शकते.

गेल्या पावसाळ्याआधी असाच एकजण ब्लॉक मागत आला. मी विचारलं, “मूळचा सायलेन्सर कुठाय?”

“आजीच्या माळ्यावर पडलाय.”

“घेऊन ये.”

घेऊन आला. आतली जाळी ओढून काढली, तर काजळी बोटभर जाडीची. कॉस्टिक सोड्यात रात्रभर ठेवून धुतली. रिंगा नव्या टाकल्या, कार्ब्युरेटर साफ केला, ब्लॉक होता तोच ठेवला. संध्याकाळी दोघं पन्हाळ्याला गेलो, तो पुढं, मी मागं बसलेलो. ज्या वळणावर गाडी दुसऱ्यावर टाकावी लागायची, तिथून ती तिसऱ्यावरच वर गेली. वाघ दरवाज्यापाशी गाडी थांबवून त्यानं इंजिन बंद केलं, वाकला, आणि सायलेन्सर तापलेला असतानाही त्यावरून हात फिरवायला गेला.