ट्रेलर, बाबा आणि उतार

आधीच सांगून ठेवते. जेवता जेवता वाचत असाल तर ताट संपवून, हात धुऊन मग या. विषय जरा तसा आहे. पुण्याच्या आत्याने तर हे वाचूच नये, पण ती वाचणार आणि मग फोन करणार हेही मला माहीत आहे. असो.

आम्ही २०१७ साली एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढायचं बावीस फुटी घर. आत पलंग, शेगडी, बेसिन, छोटीशी मोरी आणि संडास. तो घेण्याचं खरं कारण निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं, कारण होतं तो संडास. बाबांना प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यात ब्लडप्रेशरसाठी 'पाण्याची गोळी' चालू. मिनेसोटाहून यलोस्टोन म्हणजे हजार मैलांच्या आसपास. साउथ डकोटाच्या त्या सरळसोट रस्त्यावर दर तासाला कुठे थांबणार? आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येणार होते आणि यलोस्टोनमधला गरम पाण्याचा फवारा बघायची त्यांची फार वर्षांची इच्छा होती. संडास बरोबर घेऊन फिरलं की प्रश्न मिटला, असा आमचा हिशोब. पण जे आत जातं ते कधीतरी बाहेर काढावं लागतं, हा त्या हिशोबातला हातचा आम्ही विसरलो.

ज्यांनी ट्रेलर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची. दुसरी 'ग्रे', म्हणजे बेसिनचं आणि अंघोळीचं पाणी. तिसरी 'ब्लॅक', तिच्याबद्दल जास्त सांगायला नको. आमची ब्लॅक टाकी २८ गॅलनची, म्हणजे साधारण १०६ लिटर. ड्रायव्हरच्या बाजूला ट्रेलरखाली तीन इंची तोंड असतं, त्याला एक घडीघडीची नळी जोडायची, दुसरं टोक कॅम्पग्राउंडच्या ड्रेनेजच्या भोकात घालायचं आणि व्हॉल्व्हचा दांडा ओढायचा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुऊन निघते. ऐकायला किती सोपं!

पहिल्या वर्षी आम्ही एक सणसणीत चूक केली होती. जागेवर ड्रेनेज जोडलेलंच आहे तर ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवू, घरातल्यासारखं वाहत राहील, असं वाटलं. वाहून गेलं ते फक्त पाणी. बाकीचं संडासाच्या बरोबर खाली, टाकीच्या तळाशी ढीग करून बसलं. ते काढायला किती पाणी ओतलं आणि किती दिवस गेले ते सांगत नाही. तेव्हा कळलं, की व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्यायची, म्हणजे उघडल्यावर पाण्याचा लोंढा सगळं घेऊन जातो. भिंतीवरचे दिवे टाकी किती भरली ते दाखवतात म्हणे. आमचे दिवे धुतल्यानंतरसुद्धा 'दोन-तृतीयांश'च दाखवतात. आत कशावर तरी कागद चिकटून बसलेला असणार.

दुसरी अडचण मात्र आमच्या चुकीची नव्हती. आमचा ट्रेलर मुळातच बुटका. त्याचं बाहेरचं तोंड जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. आणि बऱ्याच कॅम्पग्राउंडवर ड्रेनेजचा पाइप जमिनीतून चांगला वर आलेला असतो, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. म्हणजे आमचं खाली आणि त्यांचं वर! मध्ये वीस फुटांची नळी, तिला पोट सुटलेलं, आणि त्या पोटात जे साठायचं ते साठलेलं. मग नवरा हातमोजे घालून एका टोकापासून नळी उचलत उचलत पुढे सरकायचा, अजगराला गिळलेलं पुढे ढकलायला मदत करावी तसा. तीनदा, चारदा. ते झाल्यावर अर्धा तास साबण.

जुलै २०१८. तिसऱ्या दिवशी आम्ही बॅडलँड्सच्या जवळ एका कॅम्पग्राउंडवर होतो. बाबा सकाळी फिरायला म्हणून बाहेर आले आणि त्यांनी जावयाला त्या अवस्थेत पाहिलं. गुडघ्यावर बसलेला, तोंडावर रुमाल बांधलेला. त्याच वेळी नळीचा जोड निसटला. फार नाही सांडलं, पण सांडलं. नवरा हसत म्हणाला, "बाबा, तुम्ही आत जा, इथे वास आहे." बाबा काही न बोलता आत गेले.

त्यानंतरचे दोन दिवस मला काहीच लक्षात आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. बाबांची पाण्याची बाटली भरलेलीच असायची. मला वाटायचं, वा, भरून ठेवतात. चहा अर्धा कप. जेवताना ताक नको. संडासात जायचे ते कॅम्पग्राउंडच्या, पार दोनशे पावलं चालत, रात्रीसुद्धा, टॉर्च घेऊन. ट्रेलरमधला वापरावाच लागला तर पाणी सोडायचे ते जेमतेम तांब्याभर. तिसऱ्या दिवशी दुपारी बॅडलँड्सच्या त्या पांढऱ्या-गुलाबी मातीच्या सुळक्यांमध्ये, सावलीचा पत्ता नाही अशा उन्हात, चालता चालता ते थांबले आणि माझा खांदा धरला. ओठ पांढरे. हात थंड. कसंबसं गाडीत आणून बसवलं, एसी लावला, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं. वीस मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. ती वीस मिनिटं मी काय काय विचार केला ते इथे लिहिणार नाही. जवळचं मोठं हॉस्पिटल तासाभराच्या वाटेवर होतं आणि फोनला रेंज नव्हती.

संध्याकाळी नवरा मुद्दामच मुलाला घेऊन कुठेतरी गेला. मी आणि बाबा घडीच्या खुर्च्या टाकून बाहेर बसलो. मी सरळच विचारलं, "बाबा, पाणी का पीत नव्हता तुम्ही?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "जावयानं सासऱ्याचं काढायचं, हे बरं दिसतं का गं?"

आजोबांच्या पिढीत लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचे नाहीत, ते मी ऐकून होते. हे त्याच्याही पुढचं निघालं. मी म्हटलं, अहो, टाकी सगळ्यांचीच आहे, तुमचं वेगळं आणि आमचं वेगळं असं काही त्यात नसतं! ते हसले नाहीत. मग त्यांनी साताऱ्याच्या वाड्याचं सांगितलं. वाडा मला माहीत होता, त्याच्या मागचा बोळ माहीत नव्हता. टोपलीचे संडास. मागच्या बोळात जमिनीलगत पत्र्याचं दार, आत टोपली. रोज सकाळी एक बाई यायची आणि डोक्यावरून घेऊन जायची. पावसाळ्यात टोपलीतलं गळायचं, तिच्या अंगावरून. ती बोळातून येताना दिसली की मुलांना घरात बोलवायचे. सणाला तिच्या पदरात वरून, न शिवता, उरलंसुरलं पडायचं. बाबांचा जन्म १९४०चा, म्हणजे हे स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं चाललेलं. "तिचं नाव मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "दहा-बारा वर्षं येत होती. कोणी विचारलंच नाही."

पुढे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असताना त्यांनी कणकवलीचा गोपुरी आश्रम पाहिला होता. अप्पासाहेब पटवर्धनांनी, ब्राह्मण असून, स्वतः भंगीकाम केलं, मैल्याचं खत होईल असे संडास उभे केले, त्यासाठी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषणही केलं. बाबा त्यांच्याबद्दल फार आदराने बोलत आलेत, आम्हाला लहानपणी कितीदा सांगितलंय. "आणि घरातल्या माणसाच्या हातात ती नळी बघितली तर मला पाणी गिळवेना," ते म्हणाले. स्वतःवरच चिडल्यासारखे. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. रागाच्या भरात मी बोलूनही गेले, की त्या बाईलाही सासरा असेल, जावई असेल. नंतर वाटलं, आज दुपारी चक्कर आलेल्या माणसाला हे आजच ऐकवायची गरज नव्हती. आणि मी तरी कुठली मोठी? ट्रेलर घेईपर्यंत बटण दाबलं की पुढे काय होतं, याचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. आपल्याकडे मैला वाहून नेण्याच्या प्रथेवर १९९३ला कायदा आला, २०१३ला पुन्हा आला, आणि गटारात उतरून माणसं मरायची अजून थांबलेली नाहीत.

शेवटी मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, "बाबा, तुम्ही पाणी वाचवून आमचं काम वाढवताय. कमी पाणी सोडलं की गाळ बसतो. वाहायला पाणी लागतं."

गाळ हा शब्द ऐकल्यावर कालव्यांवर तीस वर्षं काढलेला माणूस खुर्चीत सरळ झाला. "उतार किती आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, उतार नाहीच आहे, उलटा चढ आहे. मग टॉर्च घेऊन स्वारी ट्रेलरखाली! मी ओरडत होते, बाबा, गुडघे, बाबा, कंबर! कोण ऐकतंय. वितीने मापं घेतली, बोटांनी हिशोब केला. अशा नळीला फुटाला पाव इंच तरी उतार हवा. नळी वीस फूट म्हणजे पाच इंच. "पण वीस फूट कशाला? खड्डा दहा फुटांवर आहे. लांबी निम्मी करा, अडीच इंचात भागेल." दोन वर्षं आम्ही ती वीस फुटी नळी पूर्ण ताणून वापरत होतो, कारण ती वीस फुटी मिळाली होती म्हणून!

दुसऱ्या दिवशी रॅपिड सिटीत हार्डवेअरच्या दुकानात बाबा दीड तास रमले. माउंट रशमोरला चाळीस मिनिटंसुद्धा थांबले नव्हते. तिथून दीड इंच जाडीच्या फळ्या घेतल्या, एक पाणसळ घेतली आणि घराच्या छपराला लावतात ती दहा फुटी प्लॅस्टिकची पन्हळ घेतली, नेता यावी म्हणून मधोमध कापून. ब्लॅक हिल्समधल्या मुक्कामी ट्रेलरची दोन्ही चाकं तीन-तीन फळ्यांवर चढवली, म्हणजे साडेचार इंच. नवरा पूर्वी फक्त तोंडाच्या बाजूचं चाक चढवायचा. तोंड वर यायचं खरं, पण टाकी पलीकडे कलायची आणि शेवटचं सगळं आतच राहायचं. "दोन्ही सारखी. आणि कलू दे थोडी, पण तोंडाकडे," बाबा पाणसळ धरून सांगत होते. पन्हळीखाली विटा, उतरत्या, आणि पन्हळीत नळी. पोट सुटायला जागाच नाही.

आधी त्यांनी संडासातून दोन बादल्या पाणी ओतायला लावलं. मग हातमोजे मागितले. नवरा नको नको म्हणत होता. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. व्हॉल्व्हचा दांडा बाबांनी ओढला. नळीच्या जोडाला एक पारदर्शक कोपर असतो, त्यातून काय जातंय ते दिसतं. तिघंही तिथे वाकून, गणपती विसर्जनाला उभं असल्यासारखे बघत होतो. घळघळ करत सगळं गेलं, एकदाच, कोणी नळी न उचलता. मग ग्रे. मागच्या जागेवरचे एक आजोबा खुर्चीतून उठून बघायला आले आणि त्यांनी पन्हळीचा फोटो काढून नेला. त्याचा बाबांना यलोस्टोनपेक्षा जास्त आनंद झाला असावा.

यलोस्टोन झालंच. ओल्ड फेथफुलसमोर तासभर बसलो. पाणी उसळून वर गेलं तेव्हा सगळे वा वा करत होते, बाबा मान वर करून म्हणाले, "याला मात्र उतार लागत नाही." परतीच्या वाटेवर मिसुरी नदी ओलांडल्यावर एका टेकाडावर चहाला थांबलो. बाबांनी कप संपवला, पुढे केला आणि म्हणाले, "अजून आहे का गं?" होता. नसता तर पुन्हा टाकला असता.

नंतर आम्ही एक छोटा पंप घेतला. तो सगळं दळून बारीक नळीतून चढावरसुद्धा ढकलतो, बॅटरीवर चालतो. पाइप फारच वर असेल तिथे तो काढतो, एरवी फळ्या आणि पन्हळच. बाबा आता ८५च्या घरात आहेत, इतका लांबचा प्रवास झेपत नाही. आम्ही कुठे निघालो की फोनवर "व्हॉल्व्ह बंद ठेवलाय ना?" हा प्रश्न येतोच, आणि तो नेहमी जावयाला विचारतात, मला नाही. पुढच्या आठवड्यात ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करायचा आहे. टाक्या धुऊन, पाइपांत ते गुलाबी अँटीफ्रीज भरायचं. अजून आणलेलं नाही.