उसनी ऊब

रॉकेल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हे वाक्य इंजिनिअरिंगच्या वर्गात सरांनी फळ्यावर लिहिलं, तेव्हा सगळे ते वहीत उतरवून घेत होते. माझ्या मनात आलं, हे तर आईला ठाऊक आहे. तिने ते कधी सूत्रात मांडलं नव्हतं, पण रोज पहाटे ती स्टोव्ह पेटवत होती.

कराडच्या आमच्या दोन खोल्यांत स्वयंपाक जमिनीवर बसूनच व्हायचा. भिंतीशी तीन पायांचा, पितळी टाकीचा पंपाचा स्टोव्ह असे. चिंच आणि राख लावून ती टाकी घासायचं काम माझ्याकडे होतं. स्टोव्ह पेटवायचा म्हणजे आधी हवेची चावी सैल करायची, बर्नरखालच्या लहानशा वाटीत स्पिरिट ओतायचं आणि काडी लावायची. स्पिरिट संपलं असेल तर काकडा वापरायचा. हा तारेवर चिंध्या गुंडाळून केलेला असे. तो रॉकेलमध्ये भिजवून बर्नरच्या मानेला लावायचा. मग थांबायचं. सगळी विद्या या थांबण्यात होती. स्पिरिटची ज्योत मंदावू लागली की आई चावी आवळायची, पंपाचे दोन-तीन हलके दट्टे मारायची आणि कान देऊन ऐकायची. निळी ज्योत धरली की मगच दमदार हवा भरायची. मला शिकवताना ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "घाई करायची नाही गं. आधी त्याला तापू दे, मग हवा भर."

तापू का द्यायचं, हे मला पुढे कळलं. पंपाने टाकीत कोंडलेली हवा रॉकेलला दाबते आणि रॉकेल उभ्या नळीतून वर चढतं. वर जाऊन ते लगेच बाहेर पडत नाही. बर्नरच्या वळवलेल्या नळ्यांमधून ते ज्योतीच्या अगदी लगत फिरतं, पुन्हा खाली येतं आणि मधल्या निपलपाशी पोचतं. रॉकेल हे अनेक घटकांचं मिश्रण आहे. साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते घटक एकेक करून उकळतात. नळ्या पुरेशा तापलेल्या असल्या की निपलपर्यंत पोचेतो त्याची वाफ झालेली असते. निपलचं भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. त्यातून वाफ जोरात सुटते, जाता जाता भोवतालची हवा ओढून घेते, टोपीखाली तिच्यात मिसळते आणि जळते. ती ज्योत नळ्या तापवते आणि नळ्या पुढच्या रॉकेलची वाफ करतात. हे चक्र एकदा फिरू लागलं की बाहेरून पंपाच्या दट्ट्याखेरीज काही लागत नाही. पण फिरू लागण्यासाठी पहिली ऊब दुसऱ्याकडून उसनी आणावी लागते. आपलं इंधन आपणच वाफवणाऱ्या या यंत्राला पहिली वाफ मात्र स्वतःची स्वतः करता येत नाही.

ही ऊब पुरेशी मिळण्याआधी हवा भरली तर निपलमधून वाफेऐवजी पातळ रॉकेल उडतं आणि पिवळ्या ज्वाळेचा लोळ उठतो. हाच स्टोव्हचा भडका. रोजच्या तापण्याने नळ्यांत आणि निपलमध्ये कार्बन साचतो, म्हणून पिन मारावी लागते. पत्र्याच्या पट्टीला बसवलेली केसासारखी बारीक तार, एवढीच ती पिन. पण ती खिळ्यावर जागच्या जागी सापडली नाही तर घरात सकाळचा चहा अडे.

आमच्याकडे प्रभाकर कंदीलही होता, कराडजवळच्या ओगलेवाडीच्या काच कारखान्यातला. त्यातही जळते ती वाफच, पण वातीच्या टोकाशी ती हवेत नीट मिसळण्याआधीच पेटते. त्यामुळे कार्बनचे अर्धवट जळलेले कण तापून उजळतात. कंदिलाचा पिवळा उजेड त्या कणांचा, आणि काचेवरची काजळीही त्यांचीच. स्टोव्हमध्ये वाफ आणि हवा आधी एक होतात आणि मग पेटतात, म्हणून त्याची ज्योत निळी आणि पातेल्याचं बूड स्वच्छ. एकाच डब्यातलं रॉकेल एका ठिकाणी उजेड देतं आणि दुसऱ्या ठिकाणी ताप, तो फरक या मिसळण्याचा. चुलीचा धूर खाल्लेल्या माझ्या आजीला स्टोव्हचं अप्रूप होतं ते यासाठी.

ही करामत स्वीडनची. तिथे कार्ल रिचर्ड नीबर्गने १८८२ साली जोडकाम करणाऱ्यांसाठी ब्लो लॅम्प बनवला होता. दहा वर्षांनी, १८९२ च्या सुमारास, स्टॉकहोममधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने वाफेवर जळणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह सिद्ध केला. तो प्रायमस या नावाने जगभर गेला. जिथे लाकूड नाही आणि पाणीसुद्धा बर्फ वितळवल्याशिवाय मिळत नाही, तिथे त्याची खरी परीक्षा झाली. नान्सेनने १८९३ च्या 'फ्राम' जहाजावरच्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेत तो नेला. १९११ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनकडेही तो होता. १९५३ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर, सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवर, तेनसिंग आणि हिलरी यांनी बर्फ वितळवून पाणी केलं ते प्रायमसवर. हिलरीचे बूट रात्रीतून गोठून कडक झाले होते, तेही पहाटे त्यांनी याच ज्योतीवर मऊ केले आणि मग शिखराची वाट धरली. हे वाचलं तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या पितळी वस्तूबद्दलचा माझा आदर दुणावला.

याच करामतीचं दुसरं रूप गावच्या जत्रेत भेटलं. तमाशाच्या फडात, लग्नाच्या वरातीत, भजनाच्या मांडवात सूं सूं करत जळणारी गॅसबत्ती. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झच्या कारखान्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेट्रोमॅक्स बाहेर पडली. तिच्यात स्टोव्हचीच निळी ज्योत आहे, पण ती जाळीच्या मेंटलमध्ये कोंडलेली. मेंटलची कल्पना व्हिएन्नाच्या कार्ल आवर याची. कापडाची पिशवी थोरियम आणि सेरियमच्या क्षारांत भिजवायची. पहिल्यांदा पेटवली की कापड जळून जातं आणि ऑक्साइडची ठिसूळ जाळी उरते. ज्योतीत तापलेली ती जाळी पांढरी शुभ्र उजळते. त्यासाठी लागणाऱ्या थोरियमच्या शोधातूनच १९०९ साली त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूकडे जगाचं लक्ष गेलं. बत्ती पेटवणाऱ्या माणसाभोवती आम्ही मुलं कोंडाळं करून बसायचो. त्याला सगळा गाव नावाने ओळखायचा, बत्ती त्याच्याशिवाय कुणी हाताळायची नाही, कामाचे त्याला पैसे मिळायचे. रोज तेच काम करणाऱ्या घरोघरच्या बायकांची मात्र अशी ओळख कधीच झाली नाही.

पुढे नोकरी लागली ती पुण्याजवळ, भट्ट्यांचे बर्नर बनवणाऱ्या एका कारखान्यात. तिथलं फर्नेस ऑइल जड आणि दाट. ते नळीत वाफवायला गेलं तर वाफेपेक्षा कोळसाच जास्त साचतो. म्हणून ते आधी गरम करून पातळ करायचं आणि दाबाच्या हवेने किंवा वाफेने त्याचे बारीक तुषार करून जाळायचे, अशी तिथली रीत. बर्नर नवा असो की जुना, पेटवताना पहिली ज्योत वेगळी द्यावीच लागे, आणि त्या क्षणासाठी कारखान्यात लेखी नियमावली होती: कोणता व्हॉल्व्ह आधी, किती वेळ थांबायचं, कुणी सही करायची. ती वाचताना मला घरची पहाट आठवायची. आईच्या तोंडी असलेला नियम इथे चौकटीत घालून भिंतीवर लावला होता, त्याच्या चुकीला चौकशी होती आणि तो पाळणाऱ्याला हुद्दा होता.

त्याच वर्षांत वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एका चौकोनी बातमीची सवय लागत चालली होती: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. आमच्या गल्लीतली नुकती लग्न होऊन आलेली एक मुलगी अशीच गेली. तिचा स्टोव्ह मी नंतर पाहिला. टाकी धड होती, झाकण जागेवर होतं. यंत्र कळणाऱ्या माणसाला त्यापुढे गप्प बसणं कठीण होतं. निपलमधून उडालेल्या भडक्याने हात भाजतो, चेहरा भाजतो, पदर पेटतो. पण टाकी फुटल्याखेरीज किंवा सांडल्याखेरीज स्टोव्ह माणसाला डोक्यापासून पायापर्यंत रॉकेलने भिजवू शकत नाही. त्याला दुसरा हात लागतो. बोलू न शकणाऱ्या यंत्रावर आळ घेणं सगळ्यांना सोयीचं होतं, आणि कितीतरी मृत्यूंचा तपास त्या एका शब्दापाशी थांबला. बायकांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली दंड संहितेत ४९८-अ कलम आलं आणि १९८६ साली ३०४-ब. लग्नानंतर सात वर्षांच्या आत भाजून किंवा संशयास्पद रीतीने मृत्यू झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी मानला जाऊ लागला. 'स्टोव्ह भडकला' एवढं म्हणून आता भागणार नव्हतं.

खरे अपघातही पुष्कळ होते आणि त्यांची कारणं यंत्रात नव्हे, यंत्र आणि माणूस यांच्या मधल्या जागेत होती. प्रायमसची कल्पना झाली ती थंड देशात, उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या घरांत. आमच्याकडे तो जमिनीवर आला. त्यामुळे बर्नर बसलेल्या बाईच्या पदराच्या आणि मांडीच्या उंचीवर आला. पुढे नायलॉनच्या साड्या आल्या. त्या पेटल्या की वितळून कातडीला चिकटतात. भेसळीचं रॉकेल, झिजलेला वॉशर, जळत्या स्टोव्हमध्ये घाईने तेल ओतणं, हे सगळं त्यात मिळालं. आमच्याकडे लाखो स्टोव्ह विकले गेले, पण जमिनीवर बसून साडीत स्वयंपाक करणारी बाई समोर ठेवून त्याचा आराखडा कुणी मुळापासून पुन्हा केला नाही. कारखान्यातल्या बर्नरला जेवढी सुरक्षा दिली जाते तेवढी तिच्या स्टोव्हला मिळाली नाही, याचा मला आजही राग आहे.

अशा बाईला समोर ठेवून विचार करणारी माणसं पुढे माझ्याच जिल्ह्यात भेटली याचं समाधान मोठं होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंटलच्या बत्तीवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचा 'नूरी' कंदील रॉकेल, डिझेल किंवा अल्कोहोल यांवर चालतो. गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढायचं आणि निम्मं पाणी असलेल्या त्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्ह बनवायचा, असाही त्यांचा प्रयत्न. असं इंधन सहज भडकत नाही आणि पाण्याने विझतं. उजेड देणाऱ्या बत्तीवरच भात शिजावा अशी जोडही त्यांनी बसवली. झोपडीत रात्री स्वयंपाक करणाऱ्या बाईला उजेड आणि ताप दोन्ही एकाच वेळी लागतात, ही गोष्ट त्यांनी आराखड्याच्या पहिल्या पानावर आणली, म्हणून मला ते काम मोलाचं वाटतं.

आता घरात गॅस आहे. गॅसला काकडा लागत नाही, कारण सिलिंडरमधला द्रव खोलीतल्या हवेच्या उबेवरच उकळतो. म्हणून खूप वेळ शेगडी चालली की सिलिंडर गार लागतो, त्याच्या अंगावर दव येतं आणि थंडीत ज्योत मंदावते. म्हणजे उसनवारी इथेही आहे. ती हवेकडून होते म्हणून आपल्या लक्षात येत नाही. स्टोव्हच्या काळात ती एका माणसाच्या हातून व्हायची.

आईचं वय झालं आहे. अलीकडे तिच्याशेजारी वही घेऊन बसले आणि स्टोव्ह तापला हे तुला कसं कळायचं, असं विचारलं. ती सहज सांगत गेली तशी पानं भरली. पावसाळ्यात स्पिरिट जास्त लागतं, कारण पितळ दमट असतं. दाराची झुळूक बर्नरच्या एका अंगाला थंड करते, म्हणून पेटवताना स्टोव्ह आडोशाला घ्यायचा. भेसळीचं रॉकेल वासावरून ओळखायचं आणि तसलं पेटवायचंच नाही. पहिल्या दट्ट्याला फसफस ओली वाटली तर लगेच हवा सोडायची. कोरडी आणि एकसुरी वाटली तर पुढे जायचं. यातली एकही गोष्ट तिने पुस्तकात वाचलेली नव्हती, आणि प्रत्येकीला पुस्तकात कारण सापडतं.

अशा हजारो बायका आज सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या घरात कुणी असेल तर तिला हाच प्रश्न विचारा आणि ती सांगेल ते जसंच्या तसं लिहून ठेवा. ध्रुवावर स्टोव्ह पेटवणाऱ्यांच्या हकिकती छापून आल्या, कारखान्यातल्या बर्नरची नियमावली भिंतीवर लागली. स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या जे केलं गेलं तेही त्याच दर्जाचं इंजिनिअरिंग होतं, आणि ते त्या बायकांच्या नावावर जमा झालं पाहिजे.