नकाशात नदीच नव्हती

नदीकाठी तुमचे घर असेल तर त्याच्या चौकटीला किंवा भिंतीला पुराची एखादी खूण नक्कीच असेल. आमच्या जुन्या घराच्या चौकटीला खिळे आहेत. पहिला मामंजींनी १९८९ च्या पुरानंतर ठोकला, दुसरा २००५ साली. २०१९ साली मामंजी नव्हते. तिसरा खिळा आमच्या ह्यांनी ठोकला आणि त्यासाठी स्टुलावर चढावे लागले.

आमचे गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठी. पावसाळ्यात आम्ही पंचांग कमी पाहतो आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी जास्त विचारतो. तिथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आमच्याकडे शाळेतले पोरही सांगेल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आठ दिवसांनी परत आलो तेव्हा मागचा सोपा, स्वयंपाकघर आणि गोठा बसला होता. पुढच्या दोन खोल्या तेवढ्या उभ्या होत्या, त्यांच्याही भिंती अजून पाझरत होत्या.

आता सांगायची गोष्ट पुढची. ऊस तुटून गेल्यावर, २०२० च्या जानेवारीत, आम्ही पाया खणायला घेतला. धाकट्या दिरांना घाई होती, कारण पुढच्या पावसाळ्याआधी स्लॅब पडायला हवा होता. दोन चर खणून झाले आणि ग्रामसेवक भाऊसाहेब दारात आले.

"वहिनी, परवानगी काढलीय का?"

मी आत जाऊन पत्र्याची पेटी उघडली आणि चाळीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या त्यांच्यापुढे ठेवल्या. घर आमचे, पट्टी आमची, नमुना आठला मामंजींचे नाव. आणखी परवानगी ती कसली? भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी पावत्या नीट लावून परत दिल्या आणि म्हणाले, "वहिनी, ही पट्टी भरल्याची पावती झाली. बांधायची परवानगी वेगळी असते."

बायांनो, हे तुम्हालाही ठाऊक नसेल तर लाजू नका, मलाही ठाऊक नव्हते. नमुना आठचा उतारा म्हणजे कर कोणाकडून घ्यायचा त्याची नोंद. त्याने बांधकाम कायदेशीर होत नाही, आणि जागेची मालकीही एकट्या त्या कागदाने सिद्ध होत नाही.

मग दिरांनी तालुक्याच्या गावातून एक गृहस्थ आणले. त्यांनी फीत धरली, पैसे घेतले आणि पंधरा दिवसांत निळ्या कागदावर झोकदार नकाशा करून दिला. हॉल, किचन, देवघर, सगळे त्यात होते. "बाकीचं होऊन जाईल," म्हणाले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नकाशा पेटीत गेला. वर्षअखेरीस कर्जासाठी बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उलटसुलट करून विचारले, "तुमच्या घरापासून नदी किती लांब?" मी म्हटले, "परड्याच्या खाली." ते म्हणाले, "मग ह्यात ती कुठं आहे?"

खरेच, नकाशात नदीच नव्हती.

पैसे गेले ते गेले. पण त्या प्रश्नाने आमचे डोळे उघडले. पुढे एका परवानाधारक इंजिनिअरांना गाठले. मुलगा तरुण, पण नेटका. त्याने आधी कागद मागितले, नकाशाचे नावही काढले नाही. मिळकत पत्रिका काढली तर तिच्यावर अजून मामंजीच. म्हणजे आधी वारसनोंद. वारसात दोघे भाऊ, सासूबाई आणि आमच्या वन्संही आल्या. वन्सं दिलेल्या घाटाखाली, मालवण तालुक्यात, समुद्राच्या अंगाला. सहीसाठी त्या दोन दिवस आल्या आणि आमची रड ऐकून हसायलाच लागल्या. "वहिनी, तुमची पूररेषा तशी आमची भरतीरेषा गं!"

त्यांच्याकडे १९९१ पासून किनाऱ्याचा कायदा आहे. पुढे २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. खेड्यांत भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नाही, असा साधारण नियम. फार दाट वस्तीच्या गावांना २०१९ च्या अधिसूचनेने हे अंतर ५० मीटरवर आणण्याची सोय ठेवली. मात्र आधीपासूनचे अधिकृत घर असेल तर ते त्याच जोत्यावर, क्षेत्र न वाढवता, दुरुस्त करता किंवा पुन्हा बांधता येते. वन्संच्या सासऱ्यांनी जुन्या घराचा प्रत्येक कागद जपला होता, म्हणून त्यांचे काम झाले. शेजारच्या घराचे कागद वाळवीने खाल्ले, ते अजून खेपा घालतात. वन्सं जाताना मला म्हणाल्या, "पेटी उंचावर ठेव." तेवढे मी लगेच केले.

इंजिनिअर पुढे दुर्बीण घेऊन आला. गंमत पाहा. समुद्र आमच्यापासून घाटापलीकडे, पण आमच्या उंबऱ्याची उंची मोजली ती समुद्रसपाटीपासूनच. राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची खूणही त्या हिशेबाने सुमारे ५४३ मीटर येते. पाटबंधारे खात्याकडे नदीच्या दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधल्या जागेत नवे घर बांधता येत नाही. बाग, मोकळे मैदान अशा वापराला ती चालते. जुने अधिकृत घर तिथे असेल तर खात्याच्या ना-हरकतीने पुन्हा बांधायला वाट आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट, वर हवे. डिसेंबर २०२० मध्ये राज्याला जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली तिच्यात हे स्पष्ट लिहिले आहे. त्यात आणखी एक सोय आहे ती बहुतेकांना माहीत नसते. बांधण्याजोग्या एकाच जागेचा काही भाग निळ्या रेषेत आणि काही बाहेर असेल, तर आतल्या भागाचे चटईक्षेत्र बाहेरच्या भागावर वापरायला मिळू शकते. जागा अगदीच वाया जात नाही.

आमचे परडे आणि गोठा निळ्यात निघाले. पुढच्या खोल्या दोन्ही रेषांच्या मध्ये. पोराने विजेच्या खांबावर तांबड्या रंगाची आडवी रेघ मारली, तिच्यावर दीड फुटाला दुसरी मारली आणि म्हणाला, "काकी, तुमचं जोतं इथवर यायला पाहिजे." ती दुसरी रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर होती.

दीर म्हणाले, "खांब उभे करू, खाली बैलगाडी लावू, वर राहू." सासूबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. त्या म्हणाल्या, "एवढं चढून मी देवाला दिवा कसा लावू रं? आणि म्हशीला कोण वर न्हेणार?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. सासूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या, चार बाळंतपणे तिथेच, मामंजी गेले तेही तिथेच. १९८९ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या, तरी कित्येक घरे नदीकाठीच राहिली. बाहेरची माणसे त्यांना हेकट म्हणतात. मी नाही म्हणणार. रान खाली, गुरे खाली, देव खाली, मग माणूस वर राहून करणार काय? निघायचे म्हणजे पुढच्या पिढीने कुठे वैरण टाकायची तेही ठरवावे लागते.

दोन्ही भाऊ महिनाभर एकमेकांशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. दिरांचे म्हणणे, पूर काय रोज येतो? ह्यांचे म्हणणे, कर्जाचे हप्ते मात्र दरमहा येतात. अशात २०२१ चा जुलै आला.

या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. ४० फुटांनाच गुरे माळावर नेली. पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेले. ओसरल्यावर दीर एकटेच खांबाकडे गेले आणि मला हाक मारली. गाळाची पट्टी खांबावर स्वच्छ दिसत होती. पहिली रेघ, म्हणजे शंभर वर्षांची, पाण्याने ओलांडली होती. दुसऱ्या रेघेला मात्र पाणी चार बोटे कमी पडले होते. दोन वर्षांत दोन मोठे पूर आल्यावर शंभर वर्षांचा हिशेब कुणी मांडायचा, हे मला कळत नाही, पण तो दीड फूट कुणा शहाण्याने नियमात घातला त्याला माझा नमस्कार. दीर बराच वेळ खांबाला हात लावून उभे होते. संध्याकाळी त्यांनीच मळ्याचा सातबारा काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

मळा आमचा माळाच्या अंगाला, एक एकर सहा गुंठे. शेतघरासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे जवळजवळ एक एकर, क्षेत्र सलग लागते. आमचे जेमतेम बसले. ज्यांची वाटणी होऊन वीस-पंचवीस गुंठे राहिलेत त्यांनी हे आधी पाहावे, खड्डा खणल्यावर नव्हे. शिवाय परवानगी कुणाकडे मागायची तेही गावागणिक बदलते. गावठाणात ग्रामपंचायत, पण कोल्हापूर शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. आपले गाव कुठे येते ते ग्रामसेवकांना विचारा. अर्ज दिला की आवक शिक्का मारलेली पोच घ्याच. एका कचेरीत आमचा अर्ज "मिळालाच नाही" असे ऐकवले गेले. पिशवीतून मी पोच काढल्यावर तो तिसऱ्या कपाटात सापडला.

मळ्यातही पोराने दुर्बीण लावली. लाल रेषेच्या पुष्कळ वर निघाले. मोजणी झाली, नकाशा झाला. या वेळी त्यात विहीर, पाणंद, आणि कोपऱ्यात बाण दाखवून नदीही होती. २०२२ च्या दिवाळीनंतर पाया काढला. घर लहान आहे. सोपा मात्र दिरांनी हट्टाने ऐसपैस घेतला.

जुन्या दोन खोल्या पाडल्या नाहीत. उन्हाळ्यात तिथे वैरण असते, मृगापूर्वी ती वर आणतो. तुळशीला दिवा लावायला सासूबाईंना नातू मोटारसायकलवरून रोज सांजेला खाली नेतो. मी एकदा म्हटले, "आत्याबाई, तुळस वरच आणू की." त्या म्हणाल्या, "आण. पर मी मेल्यावर."

तांबड्या रेघा खांबावर अजून आहेत. शेजारच्या गल्लीतले लोक घर काढायचे म्हटले की आधी येऊन त्या पाहून जातात, आणि त्या पोराचा पत्ता विचारतात.