हिरवळीला ठिगळ

कोटाला ठिगळ लावलेले मी पाहिले आहे, छत्रीला लावलेले पाहिले आहे, आणि सायकलच्या ट्यूबला तर मी स्वतः पुष्कळदा लावले आहे. पण गवताला ठिगळ लावण्याची पाळी आपल्यावर येईल असे मला कोणी सांगितले असते, तर त्याच्या तोंडाकडे मी पाहतच राहिलो असतो. गेल्या कार्तिकात ती पाळी आली.

नागापुरातल्या आमच्या घरापुढे वीस फूट लांब नि बारा फूट रुंद अंगण आहे. पाच वर्षांपूर्वी तिथे खरी हिरवळ होती. होती म्हणजे आषाढापासून मार्गशीर्षापर्यंत होती. फाल्गुनात तिच्याकडे पाहून एखाद्या गाईलाही दया आली असती. आमचा नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. मुळा धरणाचे पाणी माणसांनी प्यावे की गवताने, हा वाद घरात दर उन्हाळ्यात निघे. शेवटी चिरंजीव म्हणाले, "बाबा, प्लॅस्टिकची हिरवळ अंथरू. पाणी नको, कापणी नको, काहीच नको."

त्या 'काहीच नको'वर मी भुललो.

माती उकरून मुरूम टाकला, वर बारीक कच दाबली, तिच्यावर कापड पसरले आणि दोन मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी अंथरल्या. मधला सांधा खालून चिकटपट्टी आणि गोंद लावून जोडला. पात्यांत वाळू पेरली, म्हणजे ती उभी राहतात. काम झाल्यावर अंगण असे दिसू लागले की पोस्टमन चपला काढून आत आला.

पुढे कळले, की या गवताला कापणी नको, पण विंचरणे हवे. पाती एका बाजूला झोपतात. त्यांना उलट्या अंगाने कुंचा मारून उठवावे लागते. मनमाड रस्त्याची धूळ बसते, ती धुवावी लागते. झाडताना केरात हिरवे तुकडे येतात. खऱ्या गवताचे तुकडे मातीत मुरत, हे कुठे मुरणार? आणि वैशाखात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवण्याची सोय नाही. खरे गवत पानांवाटे पाणी सोडते म्हणून गार राहते. हे बिचारे नुसतेच तापते. मग त्यावर पाणी शिंपडावे लागते. म्हणजे पाणी वाचवायला आणलेल्या गवताला पाणी!

या गवताची जन्मकथाही उफराटी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ साली छप्पर असलेले प्रचंड क्रीडागृह उघडले. आत खरे गवत होते. छताच्या तावदानांतून इतकी झळाळी येई की उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. तावदाने रंगवली, तर ऊन बंद होऊन गवत मेले. तेव्हा १९६६ साली तिथे नायलॉनचे गवत घातले. ऊन नव्हते म्हणून त्यांनी ते घातले. ऊन फार म्हणून आम्ही. आपल्याला त्याची ओळख जरा कडूच झाली. १९७५ साली क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला हॉकीसंघ १९७६ साली माँट्रिअलच्या ऑलिंपिकात, पहिल्यांदाच कृत्रिम गवतावर झालेल्या स्पर्धेत, सातवा आला. आमच्या अंगणात निदान पदकाचा प्रश्न नव्हता.

गेल्या दिवाळीत नातवाने किल्ला केला. अंगणात चिमूटभर माती नाही, तेव्हा मित्रांबरोबर कुठूनसे दोन पोती माती आणली. किल्ला कोपऱ्यात न करता अंगणाच्या ऐन मध्यावर का, हे त्याने सांगितले नाही. अळीव पेरले, रोज पाणी घातले, मावळे बसवले. तुळशीचे लग्न झाल्यावर किल्ला काढला, तेव्हा उलगडा झाला. खाली ताटाएवढे काळे, वितळून घट्ट झालेले वर्तुळ! वसुबारसेच्या संध्याकाळी भुईचक्र लावले होते. त्याला भुई लागते. ती आम्ही ठेवली नव्हती.

नातू मान खाली घालून उभा होता. मी रागावणार, तोच झोपाळ्यावरून आई म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? आमच्या अंगणात तू काय थोडे फटाके उडवलेस?"

खरे होते. आईच्या अंगणाला माझ्या फटाक्यांचे डाग पडत आणि चार दिवसांत नाहीसे होत. दसऱ्याआधी ती अंगण उकरी, मुरूम नि पांढरी माती घालून पाणी मारी. वडील धुमसाने ठोकत, ती चोपणीने चोपी, आणि मग हाताचे अर्धगोल उमटवीत शेणाने सारवी. पुढे खड्डा पडला की तीच माती, तेच शेण. दुरुस्ती कुठे संपली नि अंगण कुठे सुरू झाले, हे कोणाला ओळखता येत नसे. कष्ट मात्र होते. तिचे गुडघे त्यातच गेले, हे मी विसरत नाही.

माळ्यावर मूळच्या पट्टीचा फूटभर रुंदीचा उरलेला तुकडा होता. धारदार पातीने, उलट्या बाजूने, जळका भाग चौकोनी कापून काढला. त्याच मापाचा तुकडा कापला, खाली पट्टी घातली, गोंद लावला, वर पाटा-वरवंटा ठेवून रात्रभर दाबले. सकाळी मोठ्या अभिमानाने आईला दाखवले.

"उलटं लावलंयस की रे," ती म्हणाली.

पात्यांचा कल बघायचे मी विसरलो होतो. साऱ्या अंगणाची पाती रस्त्याकडे झुकलेली, ठिगळाची घराकडे! पुन्हा उचकटले, फिरवून बसवले. पण माळ्यावरचा तुकडा कोरा हिरवा आणि अंगण पाच वर्षांच्या उन्हाने विटलेले. ठिगळ आजही फाटकातूनच दिसते.

पावसाळ्यात त्याच्या कडेने काहीतरी खरेच उगवले. पाहतो तो हराळी! किल्ल्याच्या मातीतून तिच्या काड्या आल्या असाव्यात. पहिल्यांदा गोंद लावताना सांध्यातली माती मी नीट काढली नव्हती. जिच्यापायी नगरचा शेतकरी कपाळाला हात लावतो तीच ही. एकदा मुळे धरली की हटत नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, उपटा, सांधा उचकटेल."

मी खुरपे घेऊन बसलो. आई काठी टेकत आली. "अरे, दूर्वा आहेत त्या. गणपती आठ दिवसांवर आलाय."

चतुर्थीला सकाळी तिने खुर्चीवर बसून, वाकून वाकून, एकवीस दूर्वांची जुडी त्या फटीतून खुडली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, येतात मला."

आता दिवाळी आली आहे. सांध्याची एक बाजू हातभर सुटली आहे. चिरंजीवांनी नवी चिकटपट्टी नि गोंदाचा डबा आणून ठेवला आहे. दोनदा आठवणही केली. रविवारी बघू म्हटले. दरम्यान नातवाने मातीची चौकशी चालवली आहे, आणि किल्ल्याला कोणती जागा द्यायची ते पणजीला विचारून ठरवणार आहे म्हणे.