चौकटीबाहेरचे दरवाजे

सफाळ्याला उतरून केळवे, माहीम, शिरगाव अशी किनाऱ्याची वाट धरली, तेव्हा मनात एक जुने छायाचित्र होते: पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, १८६०च्या सुमाराचा. आतला वाडा १८२८च्या आगीत जळाला, दरवाजा मात्र उभा राहिला. पुढच्या पिढ्यांच्या मनात पेशवाई उभी राहते ती या दरवाजाच्या रूपाने. जुन्या छायाचित्राची ही ताकद मोठी आहे, पण तिला एक दुसरी बाजू आहे. ते दरवाजाची साक्ष देते, तशी टिपणाऱ्याच्या निवडीचीही देते. ही निवड ओळखली नाही, तर छायाचित्र नसलेली वास्तू आपल्या लेखी दुय्यम ठरते. सफाळ्याच्या परिसरातले किल्ले पाहत फिरताना हे पावलोपावली पटते.

आधी तंत्राचा विचार करू. १८५१मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन धुवायची. त्यामुळे काळोखा तंबू, रसायने, पाणी आणि काचा असे सगळे बिऱ्हाड जागेवर न्यावे लागे. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे एतद्देशीयही या कलेत उतरले. प्रकाश आत यायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात दगड स्थिर राही, पण चालता माणूस पुसट होई किंवा नाहीसाच होई. म्हणून जुन्या छायाचित्रांतले ओसाडपण जसेच्या तसे खरे मानू नये. त्यातला काही भाग काचेने निर्माण केलेला असतो.

कोणी म्हणेल, मग सफाळ्याकडचे किल्ले छायाचित्रांतून राहून गेले ते केवळ सामान नेण्याच्या अडचणीमुळे. तांदुळवाडीच्या किल्ल्यापुरते हे मान्य करता येईल. सफाळे–वरई रस्त्यावरून दिसणारा तो डोंगर चढून काचा वर नेणे सोपे नव्हते, आणि वर ठळक उरली आहेत ती खडकातली पाण्याची टाकी. शिरगावला मात्र ही सबब लागू पडत नाही. मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग १८६४मध्ये सुरू झाला. पालघर स्थानकापासून शिरगाव जेवढे लांब, साधारण तेवढाच वसईचा किल्ला वसई स्थानकापासून. वाट सपाट, किल्ला पुळणीलगत, तटबुरूज भक्कम. तरीही १८७६मध्ये जर्सन द कुन्हा यांनी मुंबईत १७ छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला, तो चौल आणि वसई यांवर. चर्चची भग्न शिखरे, शिलालेख आणि पोर्तुगीज नगराचे वैभव हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. त्यात गैर काही नाही, आणि त्या ग्रंथाचे ऋण मोठेच आहे. पण यावरून एवढे दिसते की छायाचित्र कुठे घ्यायचे हे अंतरापेक्षा आस्थेने ठरवले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वसई ही पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती, मग तिला जास्त मान मिळणे रास्तच नाही का? आकाराने रास्त आहे, पण इतिहासाच्या गतीने नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९च्या मे महिन्यात वसई पडली. त्याआधी, जानेवारीतच, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली होती. तारापूरच्या हल्ल्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. उत्तरेची ही साखळी तुटल्यामुळेच वसई एकाकी पडली. म्हणजे वसईच्या विजयाची वाट या लहान दरवाजांतून गेली. वसई एकटीच चौकटीत पाहिली, की त्या लढाईचा अर्धा भाग नजरेआड होतो.

केळव्याचा पाणकोट ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला पाण्यात उभा असतो. अशा ठिकाणी वाट केव्हा उघडी आणि केव्हा बंद, हे भरती-ओहोटी ठरवते. एकाच क्षणी घेतलेल्या चित्रात ते उमटत नाही. दर्शनी कमानीच्या चित्रात आतल्या देवड्या आणि अडसराच्या खोबणीही दिसत नाहीत, आणि दरवाजाचे खरे संरक्षण तर तिथेच असते.

आज प्रत्येकाच्या हाती कॅमेरा आहे, म्हणून ही उणीव आपोआप भरून निघेल असे मला वाटत नाही. सूर्यास्तासमोरची शेकडो चित्रे मिळून एक नोंद होत नाही. शिरगाव, केळवे, तारापूर यांचे दरवाजे आतून-बाहेरून, मोजपट्टी ठेवून, भरतीची वेळ लिहून, दर पावसाळ्यानंतर ठरल्या जागेवरून टिपले पाहिजेत. गावातल्या शाळा-महाविद्यालयांना हे सहज जमेल. दीडशे वर्षांपूर्वीची निवड आपल्या हातात नव्हती. आजची आहे, आणि ती टाळली तर त्याचा दोष जुन्या छायाचित्रकारांवर टाकता येणार नाही.