मामा तलावावर गळ टाकायला

धानाची चुरणी आटोपली, पोती घरात येऊन पडली, की शेतकऱ्याच्या घराला जरा उसंत मिळते. उन्हाळी पीक नसेल तर माघाच्या सुमारास चार दिवस हाती मोकळे असतात. अशा वेळी आपण जत्रेला जातो, पाहुण्यांकडे जातो. यंदा एक दिवस निवांत तळ्याकाठी गळ टाकून बसण्याचा बेत करून पाहा. पोरांनाही बरोबर घ्या. मात्र बेत नीट आखूनच निघा.

तळ्यांचा मुलूख म्हणजे आपला पूर्व विदर्भ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत जुनी तळी हजारोंनी मोजावी लागतात. गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या रेल्वेने अर्जुनी किंवा वडशाला उतरले, की आसपासच्या गावांत मोठा तलाव नाही तर लहान बोडी सापडतेच. नवेगावबांधचा तलाव सर्वांना ठाऊक आहे. तो डोळे भरून पाहावा. पण राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, हे ध्यानात ठेवा. आपल्याला हवे ते तळे हमरस्त्यापासून आत, गावाच्या मागे, झाडीच्या कडेला असते.

ही तळी आपोआप झालेली नाहीत. गोंड राजांच्या काळात, तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, कोहळी समाजाच्या जाणत्या मंडळींनी जमिनीचा उतार पाहून मातीची पार घातली, पाणी सोडायला तुडूम ठेवले, जादा पाणी वाहून जायला सांडवा काढला. जो तळे बांधील त्याला त्याखालची जमीन कसायला मिळे, असे जुने लोक सांगतात. पुढे ही तळी मालगुजारांकडे आली. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. माजी मालगुजारी तलाव, म्हणूनच लोक त्याला थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात.

आता मुख्य गोष्ट. तळे कितीही एकाकी दिसले तरी ते बेवारस नसते. तळ्यातली मासेमारी बहुधा ढिवर बांधवांच्या सहकारी संस्थेने ठेक्याने घेतलेली असते. तुम्ही म्हणाल, मासे तर देवाने दिलेले, त्यात ठेका कसला? पण रोहू, कतला, मृगळ हे मासे वाहत्या नदीत पावसाळ्यात अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. १९५७ साली कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन या जातींची पैदास करून दाखवली, तेव्हापासून तयार बीज मिळू लागले. म्हणजे तळ्यातला रोहू संस्थेने पैसे मोजून सोडलेला असतो. आपण पेरलेल्या वावरात कोणी न विचारता विळा घेऊन शिरला, तर आपल्याला कसे वाटेल? तसेच हे आहे. पाण्यावरच ज्यांची चूल पेटते, त्यांचा घास आपल्या मौजेपायी जाऊ नये.

म्हणून आधी गावात जा. रामराम घाला आणि विचारा, “भाऊ, तळ्याचा ठेका कोणाकडे आहे? दिवसभर गळ टाकून बसलो तर चालेल काय?” जे सांगतील ते पैसे द्या. नाही म्हणाले तर दुसरे गाव पाहा. परवानगी मिळाली तर त्यांच्यापैकीच एखाद्या जाणत्या माणसाला सोबत यायची विनंती करा. पाणी कुठे खोल, गाळ कुठे, मासा कुठे बसतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

सामान फार लागत नाही. आठ-दहा हातांची नायलॉनची दोरी, बांबूची बारीक काठी, चार-पाच गळ, शिशाचा लहान तुकडा आणि पाण्यावर तरंगायला बोरूचे कांडे. आमिषाला ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे. रोहू-मृगळासाठी कणकेच्या गोळ्या. थंडीत पाणी गार असताना मासा सुस्त असतो. ऊन चढून पाणी कोमट झाले, की तो आमिषाला तोंड लावतो. त्यामुळे भल्या पहाटे धावण्याची गरज नाही. मागूर किंवा शिंगाळा लागला तर उघड्या हाताने धरू नका; त्याचा काटा फार ठणकतो. ओल्या फडक्याने धरा.

पावसाळ्यात मात्र हा बेत करू नये. त्या दिवसांत मरळ पाण्यावर तरंगणाऱ्या पिलांच्या लालसर घोळक्याची राखण करीत असते. राखणारी मरळ गेली तर सारी पिले दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. लहान मासा लागला तर कोणत्याही ऋतूत तो हलकेच परत सोडा. काठचे देवधान आणि कमळवेली उपटू नका. माशांची पिले तिथेच आसरा घेतात.

जिवाची काळजी सर्वांत आधी. पोरांना पाण्यात उतरू देऊ नका. वेलीत पाय गुंतला तर पोहणाराही बुडतो. या भागात वाघाचा वावर आहे. एकट्याने जाऊ नका आणि ऊन कलले की काठ सोडा. तुटलेली दोरी आणि गळ तिथे टाकू नका. गुरांच्या व पाणपक्ष्यांच्या पायांत ती अडकते.

घरी परतताना पिशवीत दोन मासे असोत की एकही नसो, ठेकेदार भाऊंना भेटूनच निघा. पुढच्या वर्षी ते तुम्हाला नावाने ओळखतील, आणि पाणी कसे आहे हे आपणहून सांगतील.