तूप गप्प झालं की

दर आठ-दहा दिवसांनी आमच्या स्वयंपाकघरातली एक सकाळ माझी असते. निवृत्त झालो त्या वर्षी ‘मला काहीतरी काम दे’ म्हणून बायकोच्या मागे लागलो होतो. तिनं एक दिवस फ्रीजमधला सायीचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. त्या दिवसापासून घरातलं तूप माझ्याकडे.

आमच्याकडे म्हशीचं सुटं दूध येतं, रोज लिटरभर. मधे काही महिने पिशवीचं घेतलं. पिशवीवर 6 टक्के स्निग्धांश छापलेला, पण होमोजिनाइज केलेलं दूध. त्यातले स्निग्ध कण इतके बारीक केलेले असतात की ते वर यायचं नावच घेत नाहीत. साय यायची ती नावापुरती. पुन्हा गवळीबुवांकडे गेलो.

रात्री तापवलेलं दूध निवलं की फ्रीजमध्ये. सकाळी पातेल्यावर पांढरीशुभ्र साय, भाकरीसारखी. कडेनं सुरी फिरवून ती अख्खी उचलायची आणि डब्यात सोडायची. डब्याच्या तळाशी पहिल्याच दिवशी चमचाभर दही घातलेलं असतं. साय न फाटता आली तर दिवस बरा जातो, ही माझी खासगी अंधश्रद्धा.

मिक्सरमध्ये लोणी दोन मिनिटांत निघतं, मान्य. मी रवीनंच घुसळतो. नाशिकच्या जानेवारीत साय हलायला तयार नसते, मग कोमट पाणी. मे महिन्यात बर्फाचे खडे, नाहीतर लोणी पातळ होऊन ताकातच रेंगाळतं. सुरुवातीला रवी सरसर फिरते. मग साय फुगते, रवी जड होते, हात भरून येतो, आणि नेमकं ‘जाऊ दे, मिक्सर काढू’ असं वाटायला लागतं तेव्हा रवी एकदम हलकी होते. खळखळ पाणी सुटतं आणि त्यात रव्याएवढे कण दिसायला लागतात. इतक्या वर्षांत हा क्षण मला एकदाही शिळा वाटलेला नाही. कण एकमेकांना चिकटतात, गोळा होतो, तो गार पाण्यानं दोन-तीनदा धुवायचा. ताक दुपारच्या कढीला.

खरी परीक्षा कढवण्याची. आई म्हणायची, तूप कानांनी बघावं. लोणी वितळलं की त्यातलं पाणी उकळायला लागतं आणि पातेलं चरचरत राहतं. पाणी आहे तोवर उष्णता शंभर अंशांच्या आसपास अडून राहते, काही बिघडत नाही. पाणी संपलं की आवाज थांबतो, आणि मग तापमान भराभर चढतं. तळाची बेरी बदामी होते, पाठोपाठ तपकिरी, आणि तुम्ही बेसावध असलात तर काळी. गॅस बंद करायला मिळतात ती त्या शांततेनंतरची एक-दोन मिनिटं.

गेल्या वर्षी माझं तूप लागोपाठ दोनदा करपलं. बायकोनं मोबाइलवर संशय घेतला. मुलानं फोनवरून उपाय सुचवला, ‘बाबा, गजर लावा’. लावला. तिसऱ्यांदा तूप कच्चं राहिलं, कारण त्या दिवशी लोण्यात पाणी जास्त राहिलं होतं. लोण्यात किती पाणी राहिलंय ते घड्याळाला काय कळणार?

कानाची तपासणी केली तेव्हा उलगडा झाला. वयानुसार आधी बारीक, चढ्या पट्टीचे आवाज जातात. तूप चरचरत होतं आणि गप्प होत होतं. मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं. श्रवणयंत्र घेतलं, पण ते लावून स्वयंपाकघरात उभं राहणं म्हणजे शिक्षा. नळ धबधब्यासारखा वाजतो, चमचा पडला तर बाँब. आणि एवढ्या गदारोळात तूप काय म्हणतंय ते पुन्हा ऐकू येत नाही ते नाहीच.

आता कढवायच्या वेळी यंत्र काढून ठेवतो. मंद आचेवर जाड बुडाचं पातेलं, हातात झारा, शेजारी विड्याचं एक पान. बायको बाहेर पेपर घेऊन बसते. ती स्वयंपाकघरात पाऊलही टाकत नाही, तेवढा मान ती माझ्या खात्याला देते.

‘अहो, गप्प झालं,’ ती तिथूनच ओरडते. मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच.

मी गॅस बंद करतो, पान सोडतो, ते तडतडून कुरकुरीत होतं. तूप गाळून बरणी उघडीच ठेवतो. सावकाश निवलं तरच ते छान रवाळ होतं. मग गरम पातेल्यातली बेरी खरवडून त्यावर साखर भुरभुरवायची. पूर्वी ती मी ओट्यापाशी उभ्या उभ्या एकटाच संपवायचो. आता दोन चमचे घेऊन बाहेर जातो.